मुकीचा डावा खांदा

३ फेब्रुवारी, सोमवार

कोट वाकडा नाही. बायका वाकड्या उभ्या राहतात, त्याला मी काय करणार? आणि एक नाही, सहा-सहा जणी. मोठ्या दुकानाच्या खरेदीवाल्या बाईंनी माझा नमुन्याचा कोट परत पाठवला, वर चिठ्ठी. अक्षर मुंग्या सांडल्यासारखं, म्हणून लेकीने वाचून दाखवली. तिरकी कॉलर फारच सुंदर म्हणे, अशी दुसरीकडे कुठं बघितली नाही म्हणे. पण सहा बायकांना घालून बघितला आणि सहाही जणींना डाव्या खांद्याच्या टोकाला ओढतो, गळ्यापाशी फुगतो. उजवीकडे चपखल. चोवीस तारखेपर्यंत नीट नमुना आला तर पुढच्या हिवाळ्याचे साठ कोट आमच्याकडे, नाहीतर त्या दुसरीकडे बघणार.

आजवर एकेका बाईचं माप घेऊन एकेक कोट शिवला. तयार कोट, दुकानात टांगायचे, कुणीही यावं आणि अंगात घालावं, असे पहिल्यांदाच करतेय. हल्ली मापाचे कपडे शिवून घ्यायला येतं कोण? हे काम मिळालं तर शिवणघर चालेल. नाही मिळालं तर सहा मशिनींवर चादर घालायची आणि मी घरी बसून नवऱ्याच्या डोक्यावर मिरी वाटायची.

ही वही डॉक्टरीणबाईंमुळे. रक्तदाब बघून त्या म्हणाल्या, माणसांवर ओरडायचं ते वहीत ओरडा. चौथीपर्यंत शिकलेय, त्यामुळे वहीत ओरडायला वेळ लागतो. तोवर निम्मा राग उतरतो. बाई हुशार आहेत.

४ फेब्रुवारी, मंगळवार

लेक डिझाइनच्या शाळेत तीन वर्षं काढून आली आहे. तिचं म्हणणं, आई, तू कागदावर काढ. आधी चित्र, मग कागदाचे तुकडे, मग कापड. मी म्हटलं, कागद कुठं पडतो? कापड पडतं. मला ते पडताना बघायला लागतं.

माझं काम असं चालतं. खिडकीजवळ पुतळा उभा आहे, आम्ही त्याला मुकी म्हणतो. मुकीच्या अंगावर अख्खं कापड टाकायचं, टाचण्या लावायच्या आणि गप बसायचं. कापड आपणहून एका जागी दुमडतं, एका जागी सुटतं. जिथं दुमडायला बघतं तिथं चुणी, जिथं सुटायला बघतं तिथं कात्री. हेच माझं सगळं शिक्षण. नवरा म्हणतो, तुझं सगळं मुकाट ऐकून घेणारी आम्ही दोघंच, मी आणि मुकी. पण तिला बसायला खुर्ची नाही, एवढाच फरक.

लेकीने विचारलं, ओढतो का मग? मी सांगितलं, सगळ्याच बायकांना ओढतो. ट्रायलला डावा खांदा उसवून टोकाला इंचभर सोडावाच लागतो, तेवढ्यासाठी मी डावीकडे शिलाईच्या आत कापड जास्तच ठेवते. बायकांची ठेवणच तशी. लेक माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, सगळ्याच बायकांची? मी म्हटलं, अठ्ठावीस वर्षं बघतेय, तू तीन वर्षं शाळेत काढलीस.

यावर ती आपले कागद गोळा करून पलीकडच्या टेबलाशी गेली. ती उत्तर देत नाही तेव्हा मला जास्त राग येतो.

६ फेब्रुवारी, गुरुवार

लेक दर गुरुवारी काजवालीकडे जाते. कपडे द्यायचे, झालेले आणायचे. जायला दहा मिनिटं, यायला दहा मिनिटं, आणि बाईसाहेब तीन तासांनी उगवतात. आज विचारलं, काज मोजत बसतेस की काय? म्हणाली, गप्पा होतात.

काजवाली कोण आहे मी बघितलेली नाही. लेकीनेच शोधली, चार वर्षं झाली. काज मात्र असे की मशीन लाजेल. धागा मेण लावून घेतलेला, टाके एकाला एक चिकटलेले, कोपऱ्यावर आडवी गाठ दोनदा. आम्ही मुली असताना आमच्या शिवणाच्या मास्तरांनी आम्हाला असंच शिकवलं होतं. आता असं कुणी करत नाही. मी लेकीला म्हटलं, बाई चांगली आहे, तिला सोडू नकोस. लेक म्हणाली, नाही सोडणार.

दुपारी खरेदीवाल्या बाईंचा फोन. त्यांच्या जाहिरातीच्या कागदावर चार ओळी छापायच्या आहेत, तर ही तिरकी कॉलर सुचली कशी? मी म्हटलं, सुचली. त्या म्हणाल्या, तरी पण प्रेरणा काय? मी म्हटलं, सरळ लावली तर बरी दिसत नव्हती, तिरकी लावली तर दिसली. त्यांना यात छापण्यासारखं काही सापडलं नसावं. मग त्यांनीच फोन ठेवला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज लेकीने मुकीला टेप लावला.

मी कापड झाडत होते, पाठ होती माझी. वळून बघते तर ही स्टुलावर उभी राहून मुकीच्या मानेपासून खांद्याच्या टोकापर्यंत मापं घेतेय. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. मग जमिनीपासून खांद्यापर्यंत. मला बोलावलं आणि म्हणाली, आई, मुकीचा डावा खांदा उजव्यापेक्षा सव्वा इंच खाली आहे.

मी म्हटलं, पुतळा जुना झालाय, कापूस बसला असेल. तिने टोचून दाखवलं. कापूस दगडासारखा घट्ट आहे, मीच ठासून भरलाय. ती म्हणाली, बायकांची ठेवण तशी नाही, मुकीची आहे. तू जे कापतेस ते सगळं हिच्या मापाचं, आणि ट्रायलला तू दरवेळी बाकीच्यांसाठी सोडतेस. आता ट्रायल नाही, म्हणून दिसलं.

इस्त्रीवाली ऐकत होती. मी इस्त्रीवालीवर ओरडले. वहीत ओरडायला पाहिजे होतं, पण वही घरी होती.

मुकी तशी का आहे ते मला माहीत आहे. विसरले नव्हते, फक्त बरीच वर्षं त्याचा विचार केला नव्हता. तिच्यात माझ्या थोरल्या बहिणीचं माप आहे. पुतळा आणायची ऐपत नव्हती तेव्हा थोरलीच उभी राहायची. मी तिच्या अंगावर कापड टाकून कापायची. तासन् तास उभी. पाय दुखले तर सांगायची नाही, फक्त वजन एका पायावरून दुसऱ्यावर घ्यायची, की मी डाफरायची, हलू नको. पुढे मोडका पुतळा मिळाला तेव्हा मी तो थोरलीच्या अंगाप्रमाणे भरला, कारण माझ्या हाताला तेच अंग माहीत होतं.

थोरलीचा डावा खांदा उतरलेला होता. त्याआधी सात वर्षं आम्ही लोकांच्या घरी जाऊन शिवायचो, हाताची मशीन बरोबर न्यायची. लोखंडी मशीन, लाकडी पेटी. ती थोरलीच उचलायची, डाव्या हाताने. मी एकदा उचलली होती तर तासभर हात थरथरत होता आणि कात्री वाकडी गेली. तेव्हापासून ती मला हात लावू द्यायची नाही. तुला कापायचं आहे म्हणायची. थोरलीला ओझ्याची सवयच होती.

८ फेब्रुवारी, शनिवार

कुणाशी बोलले नाही. रक्तदाब चांगला निघाला.

१० फेब्रुवारी, सोमवार

लेकीने मुकीच्या डाव्या खांद्यावर कापसाच्या घड्या बसवल्या, वरून पांढरं कापड ताणून शिवलं. सव्वा इंच बरोबर. दोन्ही खांदे आता पाटीसारखे सरळ. म्हणाली, आता हिच्यावर कर, आई, कोट कुणालाही बसेल.

ठीक. मी काही अडाणी नाही, चूक दाखवली तर कळते. करडं कापड घेतलं, मुकीवर टाकलं, बसले.

१२ फेब्रुवारी, बुधवार

तीन दिवस झाले. काही नाही.

कापड टाकते, कापड पडतं, पोत्यावर पडल्यासारखं. दोन्ही बाजूंनी सारखं पडतं, मग मी कुठं बघू? कॉलर तिरकी लावते तर उगाच कुणीतरी नखरा केल्यासारखी दिसते. सरळ लावते तर शाळेचा गणवेश. कात्री हातात घेते आणि खाली ठेवते. असं माझं कधी झालं नव्हतं. तापात कापलंय, लेक पोटात असताना, बाळंतपणाच्या दोन दिवस आधी कापलंय, सासूबाई गेल्या त्या आठवड्यात कापलंय.

लोक म्हणतात कला. मला ते कधी कळलं नाही. मला एवढंच माहीत आहे की माझ्यापुढे काहीतरी अडलेलं लागतं. खांदा उतरलेला आहे, तो झाकायचा कसा? मग कॉलर उजवीकडून उंच घेऊन डावीकडे तिरकी खाली आणायची. बघणाऱ्याची नजर कॉलरीबरोबर घसरते आणि खांदा मुद्दाम तसा ठेवलाय असं वाटतं. थोरलीने आरशात बघितलं होतं आणि म्हणाली होती, अगं, मी सरळ दिसतेय. ही त्या कॉलरीची गोष्ट. खरेदीवाल्या बाईंना हे सांगून काय उपयोग?

आता काहीच अडलेलं नाही, आणि मीच अडून बसलेय.

नवऱ्याने जेवताना विचारलं, झाला का कोट? मी म्हटलं, तू खा. त्याने खाल्लं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

लेक काजवालीकडून साडेपाचला आली. मी दारातच उभी होते. विचारायचं नव्हतं, पण विचारलं, कोण आहे गं ही?

तिने पिशवी टेबलावर ठेवली, चप्पल काढली, पाणी प्यायली. मग म्हणाली, मावशी.

थोरली. चार वर्षं माझ्या प्रत्येक कोटाचे काज थोरलीने केलेत. मी वर तोंड करून कौतुक केलं, तिला सोडू नकोस म्हटलं, आणि ह्या दोघी ताकास तूर लागू देत नव्हत्या. मी विचारलं, तिला माहीत होतं कोट माझे आहेत ते? लेक म्हणाली, आई, तुझं कापलेलं तिला अंधारात ओळखू येईल.

मी म्हटलं, आज एवढा वेळ काय करत होतीस? तर तिने मावशीला मुकीचं सगळं सांगितलं होतं. सव्वा इंच, कापसाच्या घड्या, कोट परत आला ते, मी तीन दिवस बसून आहे तेही. मी विचारलं, मग काय म्हणाली?

लेक म्हणाली, आधी हसली. काज अर्धवट ठेवून हसली. मग म्हणाली, "म्हणजे मी अजून तिथं उभीच आहे? आता बसू दे म्हणावं मला."

मी घरी जाऊन पडदे धुवायला काढले. ते स्वच्छच होते.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

माझी बाजू कुणी लिहून ठेवणार नाही, म्हणून मी लिहिते.

बारा वर्षांपूर्वी आम्ही ही जागा घेतली. बोर्ड रंगवायचा होता. रंगारी शिडीवर चढला आणि विचारलं, काय लिहू? मी माझं नाव सांगितलं. बोर्ड लहान होता. थोरली खाली उभी होती, शिडी धरून. ती काही बोलली नाही. तिने नाव पूर्ण होईपर्यंत शिडी धरली. मग आत जाऊन उरलेले काज पुरे केले आणि त्या आठवड्यानंतर आली नाही. मी निरोप पाठवला, काम पडून आहे म्हणून. उत्तर नाही. मी म्हटलं, रुसली असेल तर रुसू दे. नावासाठी माणूस एवढं मनाला लावून घेतं? आणि घ्यायचं तर तोंड उघडायचं. मूग गिळून बसलेल्या माणसाच्या मनातलं मला कसं कळणार? कापड पडतं तसं माणूस पडत नाही की नुसतं बघून कळावं.

हे लिहिलं आणि वाचलं. वाचायला नको होतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी सगळे गेल्यावर मुकीच्या खांद्यावरचं पांढरं कापड उसवलं. घड्या काढल्या. खांदा खाली आला. तिच्याकडे बघितलं आणि एवढे दिवस कुणीतरी बाहेरगावी गेलेलं परत आल्यासारखं वाटलं.

हात फिरवून बघितला. हलू नको, असं तोंडातून निघालं. शिवणघरात कुणी नव्हतं ते बरं.

मग आठवायला बसले, थोरलीसाठी मी कोट कधी शिवला? नाही शिवला. तिच्या अंगावर शेकडो कापले, टाचले, उतरवले आणि दुसऱ्या बाईला दिले. कॉलरीचा तो पहिला कोटही एका वकिलीणबाईंना गेला, ट्रायलला डावा खांदा सोडून. थोरली आरशात सरळ दिसली ती मिनिटभर. मग मी म्हटलं होतं, काढ आता, सुरकुत्या पडतील.

१७ फेब्रुवारी, सोमवार

करडं कापड मुकीवर टाकलं. एका फेरीत झालं. तासाभरात कापून टाचणीवर. कॉलर जिथं बसायची तिथं जाऊन बसली.

लेकीने बघितलं. म्हणाली, आई, हा दुकानाला चालणार नाही, पुन्हा ओढेल. मी म्हटलं, दुकानाचा नाहीच. ती म्हणाली, कमरेत दोन इंच वाढव, आणि उंची थोडी कमी कर, हल्ली जरा वाकली आहे. मी म्हटलं, तुला काय माहीत? म्हणाली, दर गुरुवारी बघते. कंबर वाढवली, उंची कमी केली. डाव्या खांद्याला मात्र जास्तीचं कापड ठेवलं नाही. हा कोट सोडावा लागणार नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

लेकीचा कागद. लिहिलं पाहिजे, कारण तोंडाने मी कबूल करणार नाही.

तिने माझ्या कोटाचे तुकडे कागदावर उतरवले. डावा खांदा उचलून उजव्याएवढा केला, आणि कॉलरीचा तुकडा वेगळा कापून तिचा उतार तसाच राखला, गळ्याखाली एक बारीक चुणी घेऊन. मी म्हटलं, नखरा दिसेल. तिने कोरं कापड कापून टाचून दाखवलं. स्वतः घातलं, मग इस्त्रीवालीला घातलं, मग काटकोळी मशीनवाली आणि जाडजूड मशीनवाली. चौघींना बसला. कुठं ओढत नाही, फुगत नाही, आणि कॉलर तीच. इस्त्रीवाली आरशासमोरून हलेना. म्हणाली, मी उंच दिसतेय.

मी चुणी उसवून पाव इंच सरकवली. लेक म्हणाली, आता आणखी चांगली झाली. तिला खरंच तसं वाटलं की माझं मन राखायला म्हणाली, कळलं नाही. चुणीची कल्पना तिचीच, हे इथं लिहून ठेवते.

म्हणजे नमुना चोवीस तारखेच्या आत तयार. लेक म्हणाली, उद्या पाठवू? मी म्हटलं, थांब. ती म्हणाली, आता काय राहिलं? कॉलर आपली आहे का ते विचारायचं राहिलं, असं मी म्हटलं, आणि माझं मलाच नवल वाटलं.

संध्याकाळी नवऱ्याला सांगून बोर्ड उतरवून घेतला. तो शिडीवर, मी खाली. बोर्ड उतरेपर्यंत शिडी धरली. हात दुखून आले.

१९ फेब्रुवारी, बुधवार

उद्या गुरुवार. लेक जाईल तेव्हा तिच्याजवळ चिठ्ठी द्यायची आहे. तीन वेळा लिहिली, दोनदा फाडली. पाठवायची ती इथं उतरवून ठेवते, म्हणजे नंतर मी असं लिहिलंच नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

ताई,

काज चांगले असतात. गेल्या खेपेच्या बारांतला एक सैल होता, खालून तिसरा. बघ जरा.

तुझ्यासाठी कोट कापला आहे, करडा. कच्चा टाचला आहे. ट्रायलला तुला इकडे यावं लागेल, आरसा इथं आहे.

मुकी तुझ्या मापाची आहे. दुकानासाठी लेक नवीन पुतळा आणणार आहे. मुकीला मी उचलून माझ्या टेबलाशेजारी ठेवलं आहे. तिला बसता येत नाही, पण तिच्यावर आता दुसऱ्या कुणाचं कापड टाकणार नाही.

साठ कोटांचं काम आहे. त्यांना तिरकी कॉलर पाहिजे. ती तुझ्या खांद्यावर सुचली, माझ्या डोक्यात नाही. हात माझा होता, ते मी सोडत नाही. पण खांदा मशीनने उतरला आणि मशीन कुणी उचलली ते मला माहीत आहे. कॉलर द्यायची की नाही ते तू सांग. नको म्हणालीस तर साधी कॉलर लावून पाठवीन, मग दुकान घेवो न घेवो.

बोर्ड खाली काढला आहे. लेकीने मोजून बघितला, दोन नावं बसतात, अक्षरं जरा बारीक होतील. ती तेव्हाही झाली असती. मागच्या वेळी तू बोलली नाहीस. या वेळी बोल. तुझं नाव वर की माझं, तेही सांग, नंतर शिडी धरून गप्प उभी राहू नकोस.

रंगारी रविवारी सकाळी येतो आणि दुकानाला सोमवारी कळवायचं आहे. मला शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत उत्तर पाहिजे. पोरीच्या हाती निरोप चालणार नाही. स्वतः ये आणि तोंडाने सांग.